मांजर घरी आणण्याआधी: काय घ्यावे, काय घेऊ नये

कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होते, तेव्हा तीन निरनिराळ्या घरच्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. मुले मांजर मागताहेत, आणायच्या आधी घरात काय काय घेऊन ठेवायचे? तिघांनाही आम्ही गर्दीत अर्धवट उत्तरे दिली. एका वहिनींना तर "एक टोपली आणि थोडे दूध, बस" असे कोणीतरी शेजारून सांगितले आणि आम्ही गप्प बसलो. घरी आल्यावर चुटपुट लागली, कारण चार वर्षांपूर्वी आम्हीही एक टोपली आणि थोडे दूध एवढ्यावरच मांजर आणले होते. म्हणून हा लेख.

आधी ती हकीकत. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली मांजरीने पिल्ले घातली होती. त्यातले एक आमच्या मुलीने कापडी पिशवीत घालून फ्लॅटवर आणले. जेमतेम सहा आठवड्यांचे असेल. आम्ही बशीत गाईचे दूध दिले, बाल्कनीत वर्तमानपत्र पसरले, आणि ते जिथे घाण करील तिथे फिनेल टाकून पुसत राहिलो. चौथ्या दिवसापासून त्याला पातळ शी होऊ लागली. दूध बाधले असेल, म्हणून दुधात पाणी वाढवले. नवव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि त्याने खाणे सोडले. डॉक्टरांकडे नेईपर्यंत अंग गार पडले होते. ते त्याच रात्री गेले.

डॉक्टरांनी सांगितले, हा पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्व्होच्या जातीचाच विषाणू, लहान पिल्लांना फार लवकर नेतो. लागण बहुधा जिन्याखालीच झालेली असणार, म्हणजे आणण्यात आमचा दोष नव्हता. पण दूध दिले नसते, तर पातळ शी दिसताच आम्ही दवाखाना गाठला असता. दुधाने होते तसेच दिसत असल्यामुळे आमचे पाच दिवस वाया गेले. त्या पाच दिवसांचे काय झाले असते हे सांगता येत नाही, पण खंत राहिली. म्हणून आमच्या यादीत टोपली पहिली येत नाही. पहिला येतो डॉक्टर.

मांजर आणण्याच्या आठवडाभर आधी एका दवाखान्यात स्वतः जाऊन यावे. तिथे मांजरे नियमित येतात का, रविवारी आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे विचारून घ्यावे. गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आणि मांजरांचे उत्तम डॉक्टर एकच असतील असे नाही. पिल्लाची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, आणि वयाचे सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत हा क्रम चालतो. याच लशीत पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांचे दोन सर्दीचे विषाणू येतात. रेबीजची लस वेगळी, तिसऱ्या महिन्यानंतर. जंताचे औषध पहिल्याच भेटीत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू आईपासून तोडू नये. बारापर्यंत थांबता आले तर उत्तम, कारण खेळताना किती जोरात चावायचे हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकते. नसबंदीसाठी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान यायला सांगतात. तो खर्चही आत्ताच मनात धरलेला बरा.

ज्यांच्या घरी आमच्यासारखे पिल्लू दगावले आहे, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. हा विषाणू घरात, फरशीच्या सांध्यांत, गादीत, टोपलीत वर्षभर टिकू शकतो. फिनेलने मरत नाही. आधी साबणाने सगळे स्वच्छ धुऊन, मग एक भाग साधे घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे लागते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही औषध मिसळू नये. कापडी वस्तू टाकूनच द्याव्यात. त्यानंतरही लस न झालेले पिल्लू त्या घरात आणू नये. मुलगी दर महिन्याला विचारत होती आणि आम्ही थांबत होतो. शेवटी चौदा महिन्यांनी, सगळ्या लसी झालेली दोन वर्षांची मांजर आणली. तिचे नाव ठकी. पुढचे सगळे शहाणपण ठकीच्या वेळचे आहे.

आता सामान.

पहिली वस्तू कॅरिअर, म्हणजे तिला न्यायचा-आणायचा बंद डबा. इथेच पुष्कळजण पैसे वाचवतात. भाजीची पिशवी, पुठ्ठ्याचे खोके, मांडीवर टॉवेल, असे चालते असे वाटते. वडोदऱ्यात आपण बहुतेक सगळे दुचाकीवर फिरतो. रावपुऱ्याच्या रहदारीत हॉर्न वाजला की पिशवीतले मांजर काय करील याचा भरवसा नाही, आणि एकदा निसटले की अनोळखी गल्लीत ते परत सापडणे कठीण. कडक प्लास्टिकचा, समोरून आणि वरूनही उघडणारा कॅरिअर घ्यावा. वरून उघडणारा असला की घाबरलेल्या मांजराला तपासणीसाठी ओढून काढावे लागत नाही, झाकण काढून डॉक्टर आत बसल्या बसल्या तपासू शकतात. आकार एवढा हवा की पूर्ण वाढलेले मांजर आत उभे राहून वळू शकेल. पिल्लाच्या मापाचा घेतला तर सहा महिन्यांत दुसरा घ्यावा लागतो. आणल्यावर तो माळ्यावर टाकू नये. खोलीत उघडा, आत जुनी चादर घालून ठेवावा. ठकी आजही दुपारची त्यातच झोपते, त्यामुळे दवाखान्याच्या दिवशी घरात पळापळ होत नाही.

दुसरी गोष्ट विकत घ्यायची नाही, ठरवायची आहे: पहिल्या आठवड्याची खोली. नवे मांजर सगळ्या घरात मोकळे सोडायचे नाही. एक लहान खोली, दार बंद होणारी, तिच्यात एका कोपऱ्यात शीचे घमेले, समोरच्या कोपऱ्यात खाणे-पाणी, आणि लपायला एक पुठ्ठ्याचे खोके, बाजूला भोक पाडून. किराणा मालाचे खोके छान चालते. दुकानातली मखमली घुमटासारखी गादी आम्ही हौसेने घेतली होती, तिच्यावर आता आमची उन्हाळी पांघरुणे असतात.

शीच्या सोयीबद्दल सविस्तर लिहितो, कारण मांजर सोडून देण्याची वेळ येते ती बहुधा याच कारणाने. "मांजर कोपऱ्यात घाण करते" ही तक्रार घेऊन येणाऱ्या घरी आम्ही गेलो की नव्वद वेळा घमेल्यातच चूक सापडते. घमेले लहान असते, किंवा वॉशिंग मशिनच्या शेजारी ठेवलेले असते, किंवा तीन दिवस साफ केलेले नसते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, तिच्या दीडपट लांबीचे घमेले हवे. दुकानात मिळणारे ट्रे बहुतेक वेळा आखूड असतात. आम्ही मांडवीच्या बाजारातून कपडे भिजवायचा मोठा चौकोनी टब आणला आणि एका बाजूची कड गरम सुरीने कापून खाली केली. पिल्लासाठी कड चार बोटांपेक्षा उंच नको. एका मांजराला दोन घमेली, दोन मांजरांना तीन, असा हिशेब डॉक्टर सांगतात. लहान फ्लॅटमध्ये निदान दोन ठेवता आली तर पाहावे. झाकणाची, दार असलेली घमेली माणसांच्या नाकाच्या सोयीची असतात. आत वास कोंडतो आणि पुष्कळ मांजरे तिथे जायचे सोडतात.

घमेल्यात घालायचे काय? अमेरिकेत 1947 साली मिशिगनमधल्या एड लो नावाच्या माणसाने शेजारणीला राखेऐवजी फुलर्स अर्थ, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीची माती दिली, आणि त्यातून या मालाचा धंदा उभा राहिला. आज सर्वांत जास्त चालते ते ओलसर झाले की गोळा होणारे बेंटोनाइट. ही माती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे लघवीचा गोळा तेवढाच उचलून टाकता येतो. गंमत म्हणजे बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आपल्या गुजरातेतच, कच्छमध्ये आहेत. सुगंधी पाकिटे घेऊ नयेत. लव्हेंडरचा वास आपल्याला बरा वाटतो, पण मांजराचे नाक आपल्यापेक्षा पुष्कळ तीक्ष्ण असते. तीन-चार महिन्यांच्या आतले पिल्लू माती तोंडात घालून पाहते, आणि फुगणारी माती पोटात जाणे वाईट, म्हणून त्या वयात साधी चाळलेली नदीची वाळू, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या किंवा कागदाचे कपटे वापरावेत. थर दोन-तीन इंचांचा ठेवावा. उकरायला जागा नसेल तर मांजर ती जागा नाकारते. आधी ज्या घरून मांजर येते आहे तिथे काय वापरत होते ते विचारावे, आणि पहिले दोन आठवडे तेच वापरावे.

गोळे उचलायला घरातला जुना झारा चालतो. मात्र तो त्या दिवसापासून कायमचा मांजराचा. आमच्या आजीने त्याच्या दांड्याला लाल फडके बांधले आहे, आणि दिवाळीच्या फराळाच्या वेळी ती स्वतः दोनदा खात्री करून घेते.

दिवसातून दोनदा गोळे काढायचे, आठवड्या-पंधरवड्यातून सगळे बदलून साध्या साबणाने घमेले धुवायचे. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. टोक्सोप्लाझ्माची भीती आपल्याकडे फार आहे आणि अनेक घरांतून सुनेच्या बाळंतपणाच्या आधी मांजर बाहेर काढले जाते. खरे असे की हा परोपजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर निदान एक दिवस तरी गेल्याशिवाय लागण करण्याजोगा होत नाही. रोजच्या रोज सफाई, घरातच राहणारे आणि कच्चे मांस न खाणारे मांजर, साफ करणारा दुसरा माणूस, एवढे असेल तर मांजर काढायचे कारण उरत नाही. आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

आता खाण्याचे. इथे आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांची खरी अडचण आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. आमचे घर शाकाहारी. आजीच्या स्वयंपाकघरात अंडेसुद्धा येत नाही. मांजर म्हणजे दूध-पोळी अशी आपली पिढ्यान्पिढ्यांची समजूत, आणि वाड्यातली मांजरे दूध-पोळीवरच जगत होती असे आजी म्हणायची. ती जगत होती ती वाड्यातल्या उंदरांवर, पाली-चिमण्यांवर. दूध-पोळी ही वरची चैन होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत, तिथे दूध-पोळी हेच जेवण झाले की मांजराची उपासमार होते, आणि ती दिसायला वेळ लागतो.

कारण असे. टॉरीन नावाचा एक घटक मांजराच्या शरीराला पुरेसा तयार करता येत नाही आणि तो मिळतो मांस-मासळीतूनच. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळे होते, हृदयाचा स्नायू सैल पडून ते मरतेही. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी हृदयाच्या या आजाराचे कारण टॉरीनची कमतरता हे दाखवून दिले, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात ते जास्त प्रमाणात घालू लागले. कुत्र्यांना स्वतःचे टॉरीन बनवता येते, म्हणून कुत्र्यांचे खाणे मांजरासाठी पुरत नाही. आणि उकडलेली कोंबडी घरी शिजवणाऱ्यांनाही एक सूचना: उकळल्याने टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये. शिवाय नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी. वाढत्या पिल्लाची हाडे त्याने ठिसूळ होतात. घरचे शिजवायचे असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या घरी यावर चार संध्याकाळी चर्चा झाली. शाकाहारी मांजर ठेवता येत नाही हे मान्य करायला वेळ लागला. शेवटी आजीनेच तोडगा काढला: कोरडे तयार खाणे बंद डब्यात, डबा बाल्कनीलगतच्या कपाटात, भांडी वेगळी, ती धुवायची जागा वेगळी, आणि देवघराचे दार मांजरापुरते बंद. तीन वर्षे हे सुरळीत चालले आहे. ज्यांना एवढेही पटणार नाही त्यांनी मांजराऐवजी दुसरे काही पाळावे असे आम्ही स्पष्ट सांगू. त्यात कमीपणा नाही. मांजराला दूध-पोळीवर ठेवणे मात्र चुकीचे.

पाकिटावर पिल्लासाठी की मोठ्यासाठी हे लिहिलेले असते, ते पाहूनच घ्यावे. वर्षाच्या आतल्याला पिल्लाचेच. पहिले पाकीट लहान घ्यावे, आधीच्या घरी खात होते तेच, आणि बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत बदलावे. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे. कांदा-लसूण घातलेले काहीही नको, मग ते आमटीतले का असेना, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात, पण आईचे दूध सुटले की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. प्यायला पाणी.

पाण्याचे भांडे रुंद तोंडाचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे, आणि खाण्यापासून दूर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, त्या दिवसांत दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. कोरडे खाणाऱ्या मांजराला पाणी कमी पडले की मूत्रमार्गाचे दुखणे लागते, विशेषतः बोक्यांना. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवी होत नाही असे दिसले तर रात्रीचे दोन वाजले तरी दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये. खाण्याच्या बशीला मुंग्या लागतात, त्यावर आमचा उपाय जुनाच: परातीत पाणी, त्यात बशी.

यानंतर ज्यावर खर्च करायचाच ती वस्तू म्हणजे जाळी. मांजर पडत नाही, पडले तरी पायांवर पडते, हा समज आम्हीही बाळगून होतो. कबुतरावर झेप घेताना ते पडते, आणि पायांवर पडूनही जबडा, छाती, पाय मोडतात. डासांच्या जाळीचा उपयोग नाही, ती नखाने फाटते. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण खालच्या कडेला नीट ताणून, मधे पंजा न जाईल इतकी घट्ट, आणि महिन्यातून एकदा कुरतडली आहे का ते पाहावे. जमल्यास पोलादी तारेची बारीक जाळी. सरकत्या खिडक्यांच्या फटी विसरू नयेत. जाळी लागेपर्यंत मांजर आणू नये. "पुढच्या रविवारी लावू" असे म्हणून पुष्कळ रविवार जातात.

काय घरातून काढायचे ही यादी घ्यायच्या यादीइतकीच महत्त्वाची. फिनेल पहिले. मांजर फरशीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि फिनेलमधली द्रव्ये त्याच्या यकृताला मोडता येत नाहीत. एक सोपी खूण लक्षात ठेवावी: पाण्यात टाकल्यावर जे जंतुनाशक दुधासारखे पांढरे होते ते मांजराच्या घरात बहुधा नकोच. डेटॉलसुद्धा त्यातलेच. फरशीला साधे साबणाचे पाणी पुरते. डांबराच्या गोळ्या कपाटातून काढाव्यात. कुत्र्यांच्या गोचिडांवर पाठीवर घालायचे औषध मांजराला कधीही लावू नये, त्यातल्या परमेथ्रिनने झटके येतात. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणारी घरे आम्हाला माहीत आहेत. एक गोळीही मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. आणि मंडळाच्या सत्कारातून घरी येणारे गुच्छ! त्यात लिलीची फुले असतात. लिलीचे पान, पाकळी, अंगाला लागून चाटलेले परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. गुच्छ दाराबाहेरच वेगळा करावा. कण्हेरीची फुले देवाला वाहत असाल तर ती मांजराच्या वाटेत नकोत. तुळशीची काळजी नाही.

वडोदऱ्यात राहणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद मांजाचा. उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस पतंग उडतात, पण दोरा फेब्रुवारीपर्यंत बाल्कनीत, गच्चीत, झाडांवर लोंबत असतो. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकते, आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होते आणि दोरा आतडे कापतो. शस्त्रक्रिया झाली नाही तर मांजर जाते. शिवणाचा दोरा, राखीचा दोरा, लोकरीचा गुंडा, सगळ्यांना हेच लागू. चित्रांतले लोकरीशी खेळणारे मांजर चित्रांतच ठेवावे. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये, कापूही नये, तसेच डॉक्टरकडे न्यावे. आमच्या घरी सोळा जानेवारीला सगळी बाल्कनी हाताने चाचपून दोरे गोळा करण्याचे काम मुलीकडे आहे.

नखांसाठी खांब हवा, नाहीतर सोफा. विकतचे बहुतेक खांब बुटके आणि डगमगणारे. मांजराला पूर्ण ताणून ओरबाडायचे असते, म्हणून उंची तीन फुटांच्या आसपास आणि बुड जड. जुन्या पलंगाचा गाता जाड फळीवर खिळून त्याला घायपाताची किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली की काम झाले. खेळायला कागदाचा बोळा, पिंगपाँगचा चेंडू. काठीला दोरी बांधलेले खेळणे असेल तर खेळ झाल्यावर कपाटात. नखे कापायची छोटी कात्री डॉक्टरांकडून वापरायला शिकून मग घ्यावी.

काय घेऊ नये? अंघोळीचा शाम्पू, अत्तर, कपडे, घुंगरांचा घट्ट पट्टा. पट्टा हवाच असेल तर ओढ बसताच सुटणारा, नाहीतर खिडकीच्या कडीत अडकून फास बसतो.

आणायचा दिवसही निवडावा. नवरात्रात नऊ रात्री ढोल आणि स्पीकर, दिवाळीत फटाके, उत्तरायणात गच्चीवर गर्दी. यांच्या आगेमागे दहा दिवस सोडून, घरात पाहुणे नसताना, शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी आणावे म्हणजे शनिवार-रविवार माणसे घरी असतात. आल्यावर कॅरिअर त्या ठरलेल्या खोलीत ठेवून दार उघडायचे आणि आपण जमिनीवर गप्प बसायचे. मुलांना आधीच सांगून ठेवावे की आज हात लावायचा नाही. मोठे मांजर दिवस-दोन दिवस खोक्यातून बाहेर येणार नाही, त्याची काळजी नको. पिल्लू दिवसभर खाल्ले नाही, किंवा मोठ्याने चोवीस तासांवर अन्न शिवले नाही, तर मात्र फोन करावा. पातळ शी दिसली तर त्याच दिवशी. कोणी ओरबाडले-चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन माणसांच्या डॉक्टरकडे जावे, मांजर घरचे असले तरी.

ठकी पहिल्या रात्री कॅरिअरमधून बाहेरच आली नाही. दुसऱ्या रात्री बशीतले खाणे संपलेले दिसले. तिसऱ्या पहाटे आजी पूजेची फुले काढायला उठली तेव्हा बंद दारामागून खरवडण्याचा आवाज आला. आत जाऊन पाहिले तर बाई घायपाताच्या खांबावर पाठ ताणून उभ्या होत्या.

आमच्याकडे एक जादा कॅरिअर आणि पिल्लाच्या मापाचे एक बुटके घमेले आहे, दोन्ही ब्लीचने धुतलेली. मंडळातल्या ज्या घरी नवे मांजर येणार असेल त्यांनी कार्यालयात निरोप ठेवावा, पहिल्या महिन्यापुरते आणून देऊ. झारा मात्र ज्याचा त्याने घ्यावा.